गोळ्यांआधी पोट आणि झोप बघा

टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांचं मुख्य हार्मोन, वाढवायला अश्वगंधा आणि झिंकच्या गोळ्या घ्याव्यात का, असं एकाने विचारलंय, म्हणून लिहितो. शरीरात झिंक मुळात कमी असेल तरच त्या गोळीने टेस्टोस्टेरॉन वाढतं, एरवी पैसे वाया. अश्वगंधेने थोडी वाढ दिसलीय, पण छोट्या अभ्यासांत. यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. खरा घोळ पोटाच्या घेरात असतो. चरबीतलं अरोमाटेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन (स्त्रियांचं मुख्य हार्मोन) करतं, म्हणून सुटलेलं पोट उतरलं की आकडा बहुधा वर येतो. झोपेचंही तेच. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या शिकागोच्या प्रयोगात तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर टेस्टोस्टेरॉनची दिवसाची पातळी १० ते १५ टक्क्यांनी घसरली! तपासणी सकाळी उपाशीपोटी, दोनदा करा. आणि मूल हवं असेल तर जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन अजिबात घेऊ नका, शुक्राणू बनणंच थांबू शकतं.