सतरा वर्षांच्या बास्केटबॉलपटूवर बोली लावावी का?

मध्यरेषा:

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची आठवण आपल्याला मार्च महिन्यात होते, कारण तेव्हा ६८ संघांची बाद पद्धतीची स्पर्धा सुरू असते. ते संघ ज्या वाटेने उभे राहतात तिच्याविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे खोडून काढणाऱ्यांची सोय होईल. हायस्कूलमधल्या गुणी मुलांना आपल्याकडे ओढण्यासाठी विद्यापीठांत जी चढाओढ चालते तिला आज कसलाही लगाम राहिलेला नाही, आणि ज्याच्या नावाने हा सारा खटाटोप चालतो त्या शाळकरी मुलालाच त्याचा सर्वाधिक फटका बसतो आहे. विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूने एक वर्ष सामन्यांबाहेर बसावे, हा जुना नियम परत आणावा असे माझे मत आहे.

चढाओढ स्वतः जुनीच आहे. १९६५ साली न्यूयॉर्कच्या पॉवर मेमोरियल शाळेतल्या ल्यू अल्सिंडरसाठी, म्हणजे पुढच्या करीम अब्दुल-जब्बारसाठी, देशभरातले प्रशिक्षक धडपडत होते. तो लॉस एंजेलिसच्या यूसीएलएला गेला आणि त्या संघाने १९६७ पासून ओळीने तीन विजेतेपदे मिळवली. पण त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळताच येत नसे. आधी वर्षभर वर्गात बसा, मग मैदानात उतरा, असा तो हिशेब होता. पुढे २००५ मध्ये खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारात एनबीएने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने, १९ वर्षे वयाची आणि हायस्कूल सुटून एक वर्ष लोटल्याची अट घातली आणि 'वन अँड डन' ही जमात जन्माला आली: एक हंगाम कॉलेजात काढायचा आणि निघून जायचे. केंटकीच्या जॉन कॅलिपारी यांनी त्यातून एक पद्धतच बसवली. एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टच्या, २०१० सालच्या, पहिल्या फेरीत त्यांचे पाच खेळाडू निवडले गेले.

तरीही तोवर चढाओढीचा केंद्रबिंदू शाळेतला मुलगाच होता. तो हलला अलीकडे. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, आले. २०२१ च्या वसंतात एकदा बदली केल्यास बाहेर बसण्याची अट गेली आणि त्याच वर्षी १ जुलैपासून स्वतःचे नाव व प्रतिमा वापरून पैसे मिळवण्याची, म्हणजे एनआयएलची, मुभा मिळाली. २०२४ मध्ये बदल्यांवरची संख्येची मर्यादाही उठली. आता २१-२२ वर्षांचा, अंगाने भरलेला, शंभरएक सामने खेळलेला गडी दर वसंतात बाजारात उपलब्ध असेल, तर कोणता प्रशिक्षक सतरा वर्षांच्या किडकिडीत मुलावर तीन वर्षे मेहनत घेईल? २०२५ चा विजेता फ्लोरिडाच घ्या. वॉल्टर क्लेटन ज्युनिअर आयोनाहून आला होता, अलाइजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून आणि विल रिचर्ड बेलमाँटहून. लहान कॉलेजांनी घडवलेले तीन खेळाडू एका मोठ्या विद्यापीठाने उचलले आणि ह्यूस्टनला ६५-६३ असे हरवून चषक नेला. त्याच स्पर्धेत शेवटच्या सोळांत श्रीमंत परिषदांबाहेरचा, म्हणजे मोठ्या विद्यापीठांच्या गटांबाहेरचा, एकही संघ नव्हता.

ज्याचा डंका वाजतो तो मोठ्या नावाचा मुलगा आजही सुरक्षितच आहे. मी बोलतो आहे तो हायस्कूल खेळाडूंच्या मानांकन यादीत दीडशेव्या क्रमांकावर असलेल्या मुलाविषयी.

हिशेबनीस:

आपला इतिहास अचूक आहे, पण त्यातली एक खोली आपण कुलूपबंद ठेवली आहे. पैसा २०२१ मध्ये आला नाही. तो तेव्हा टेबलाखालून टेबलावर आला. सप्टेंबर २०१७ मध्ये एफबीआयने सहायक प्रशिक्षक आणि एका बूट कंपनीचे अधिकारी यांना अटक केली, तेव्हा एका मुलाने लुईव्हिल विद्यापीठात यावे म्हणून त्याच्या कुटुंबाला एक लाख डॉलर देण्याचे ठरले होते, असे उघड झाले. पुढे शिक्षाही झाल्या. त्या मुलाचे काय झाले? तो कॉलेजचा एकही सामना खेळू शकला नाही. प्रौढांनी आखलेल्या व्यवहाराची सर्वांत मोठी किंमत सगळ्यांत लहान माणसाने मोजली. आपल्याला ते दिवस परत हवे आहेत का?

दुसरे असे की, याच स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क २०१० साली १४ वर्षांसाठी सुमारे १०.८ अब्ज डॉलरना विकले गेले आणि २०१६ मध्ये त्यात आणखी आठ वर्षांसाठी ८.८ अब्जांची भर पडली. कनेटिकटचे प्रशिक्षक डॅन हर्ली यांना २०२४ मध्ये सहा वर्षांसाठी पाच कोटी डॉलरचा करार मिळाला. मग खेळणाऱ्यानेच तेवढे शिष्यवृत्तीवर समाधान मानावे, हा संस्कार नेमका कोणाच्या सोयीचा होता? खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरच्या मर्यादांविषयीच्या २०२१ च्या ऑल्स्टन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएएच्या विरोधात कौल दिला, तो उगाच नव्हे.

'बोली' या शब्दानेच आपल्या अंगावर काटा येत असेल, तर एक आठवण करून देतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयपीएलच्या लिलावात १३ वर्षांच्या वैभव सूर्यवंशीवर राजस्थानने १ कोटी १० लाखांची बोली लावली, तेव्हा आपल्या घरांत पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते.

आता क्लेटनविषयी. तो आयोना सोडून गेला हे खरे. पण त्याला तेथे आणणारे प्रशिक्षक रिक पिटिनो हेच २०२३ च्या मार्चमध्ये सेंट जॉन्सला निघून गेले होते. प्रशिक्षकाने नोकरी बदलली तर ती प्रगती आणि खेळाडूने कॉलेज बदलले तर ती फितुरी, हे गणित मला जमत नाही. प्रशिक्षकाला कोणी कधी वर्षभर बाहेर बसवले आहे का?

शेवटचा मुद्दा आपल्या मूळ विधानाच्या थेट विरुद्ध जातो. पैसे देण्यास बंदी होती तेव्हा उत्तम मुले कोठे जात होती? २०१८ मध्ये झायन विल्यमसन, आरजे बॅरेट आणि कॅम रेडिश हे अग्रक्रमाचे तिघेही एकट्या ड्यूक विद्यापीठात गेले. प्रतिष्ठा, टीव्ही आणि एनबीएची वाट एवढ्याच गोष्टी देता येत असतील, तर ज्याच्याकडे त्या आधीपासून आहेत तोच जिंकणार. (तरीही ते ड्यूक २०१९ मध्ये अंतिम चारांत पोहोचले नाही, हा वेगळा आनंद.) याउलट डिसेंबर २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एजे डिबान्त्सा या नामांकित शाळकरी खेळाडूने युटाचे बीवायू (ब्रिगहॅम यंग विद्यापीठ) निवडले, जे विद्यापीठ आजवर एकदाही अंतिम चारांत गेलेले नाही. खुल्या पैशामुळे दारे बंद झाली नाहीत, नवी दारे उघडली.

जर्सीकर:

मी जर्सी सिटीत राहतो आणि माझा मुलगा हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून दोन्ही बाजूंना थोडे जमिनीवर आणतो.

गेल्या जुलैत त्याच्या क्लबबरोबर एका स्पर्धेला गेलो होतो. एका अवाढव्य शेडमध्ये शेजारीशेजारी मैदाने, सगळीकडे एकाच वेळी शिट्ट्या, त्यामुळे शेजारच्या शिट्टीवर आपली मुले थांबत होती. कडेला घडीच्या खुर्च्यांवर कॉलेजांचे प्रशिक्षक बसले होते. त्या दिवसांत त्यांना मुलांशी बोलण्याची परवानगी नसते, म्हणून छातीवरचे बोधचिन्हच बोलत असते. शर्ट दुरून वाचता यावा एवढ्याचसाठी माणूस पुढच्या रांगेत बसतो. एका मोठ्या विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक आमच्या मैदानापाशी आले, हाताची घडी घालून समोरच्या संघातल्या एका उंच मुलाकडे सातेक मिनिटे पाहत राहिले आणि उठून गेले. त्या सात मिनिटांत आमच्यापैकी एकाही पालकाने सामना पाहिला नाही. सगळे त्यांचा चेहरा पाहत होते. मीही.

परतताना क्लबच्या प्रशिक्षकांनी जे सांगितले ते मध्यरेषा यांच्या मताशी जुळणारे आहे. दोन वर्षांपूर्वी ज्या मध्यम दर्जाच्या कॉलेजांतून त्यांच्या मुलांची चौकशी होत असे, ती आता 'पोर्टल काय देते ते पाहू आणि मग कळवू' असे म्हणतात. म्हणजे मुलगा शाळेचे शेवटचे वर्ष संपेपर्यंत टांगणीला. शिवाय आता युरोपातले व्यावसायिक क्लबांत तयार झालेले गडीही येतात. बीवायूचा एगोर ड्योमिन रेआल माद्रिदमधून आला होता.

सेंट पीटर्सची गोष्ट तर आमच्या गल्लीतली आहे. केनेडी बुलेव्हार्डवरचे हे छोटेसे जेझुइट विद्यापीठ आमच्या इंडिया स्क्वेअरपासून फार लांब नाही. २०२२ मध्ये पंधराव्या मानांकनाच्या या संघाने आधी केंटकीला जादा वेळेत ८५-७९ असे हरवले आणि पुढे शेवटच्या आठांत मजल मारली. ज्यांना बास्केटबॉलमधला 'ब' ठाऊक नव्हता ते आमचे किराणावाले काकाही मोर पिसारा फुलवून नाचावा तसे नाचत होते, कारण संघाचे नावच मुळी 'पीकॉक्स' आहे. त्यानंतर काही आठवड्यांत प्रशिक्षक शहीन हॉलोवे सीटन हॉलला गेले आणि त्यांच्यामागून बहुतेक मुख्य खेळाडूही निरनिराळ्या विद्यापीठांत पांगले. मला त्यांचा राग आला नाही. वाईट मात्र वाटले.

राखीव बाकावरून:

हिशेबनीस यांचा बाजार जेवढा खुला दिसतो तेवढा तो सर्वांना खुला नाही, एवढीच भर घालतो, कारण तो मुद्दा आपल्या मुलांना लागू होतो. परदेशी विद्यार्थी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असतो आणि त्या व्हिसावर अमेरिकेत राहून काम करण्यावर कडक बंधने आहेत. पर्ड्यूचा कॅनडियन झॅक ईडी २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. तरी अमेरिकी सहकाऱ्याला सहज मिळते ते त्याला या व्हिसामुळे सरळपणे मिळवता येत नव्हते. उद्या नागपूरची किंवा पुण्याची एखादी मुलगी तेथे पोहोचली, तर तिलाही हीच भिंत लागेल.

आणि ईडीच्या नावावरून आठवले, हायस्कूलमध्ये असताना त्याचे मानांकन चारशेच्याही पुढचे होते. सात फूट चार इंचांचा हा मुलगा हायस्कूलमध्ये गेल्यावर बास्केटबॉलकडे वळला होता. पर्ड्यूने चार वर्षे धीर धरला आणि २०२४ ची अंतिम फेरी गाठली. पंचतारांकित, म्हणजे मानांकनात सर्वांत वरचे, म्हणून ज्यांच्यामागे धावतात त्यांतले किती जण विसरले जातात, ते यादी करणारे कधी सांगत नाहीत.

मध्यरेषा:

जर्सीकर, आपली ती सात मिनिटे माझ्या साऱ्या युक्तिवादापेक्षा वजनदार आहेत.

हिशेबनीस यांचा प्रशिक्षकांविषयीचा मुद्दा मला मान्य करावाच लागेल. एक वर्ष बाहेर बसवण्याचा नियम परत आणणे आता कायद्यानेही अवघड आहे, कारण डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या संघराज्य न्यायालयाने त्याच नियमाला स्थगिती दिली होती. तेवढी माझी मागणी मी मागे घेतो.

बीवायूच्या उदाहरणाने मात्र माझे समाधान होत नाही. डिबान्त्सा हा लाखात एक. त्याच्यासाठी नवे दार उघडले, हे दीडशेव्या क्रमांकाच्या मुलाचे दार उघडे असल्याचा पुरावा कसा होईल? पुढे एनबीएचा तारा झालेल्या स्टीफन करी याला मोठ्या विद्यापीठांनी शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तो डेव्हिडसन या लहान कॉलेजात गेला आणि २००८ मध्ये त्यांना शेवटच्या आठांत घेऊन गेला. आज तसा मुलगा पहिल्या हंगामानंतर डेव्हिडसनमध्ये टिकला असता का? आणि तो टिकणार नाही हे ठाऊक असताना डेव्हिडसनने त्याच्यावर वर्ष का घालवावे?

म्हणून बंदीऐवजी दोन गोष्टी सुचवतो. हायस्कूलमधून येणाऱ्या खेळाडूशी विद्यापीठाने किमान दोन वर्षांचा, दोन्ही बाजूंना बांधणारा करार करावा. त्यामुळे मुलगा जसा जाणार नाही तसे विद्यापीठही त्याला वसंतात हाकलणार नाही. आणि त्याआधी कोणी त्याला नेलेच, तर नेणाऱ्याने मूळ कॉलेजला भरपाई द्यावी. फुटबॉलमध्ये फिफाच्या नियमांनुसार तरुण खेळाडू घडवणाऱ्या क्लबाला असा मोबदला मिळतोच. जून २०२५ मध्ये 'हाऊस' नावाच्या खटल्यात झालेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे पहिल्या वर्षी सर्व खेळांत मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर खेळाडूंना थेट देऊ शकतात. थेट पगार देताच आहात, तर थेट करारही करा.

हिशेबनीस:

आता आपण एकाच पानावर नसलो तरी एकाच वहीत आलो आहोत. सूचना मला आवडली आणि करी याच्या उदाहरणाला माझ्याकडे उत्तर नाही, हेही कबूल करतो.

अडचण करारातल्या दुसऱ्या पक्षाची आहे. खेळाडूला दोन वर्षे बांधायचे असेल, तर न्यायालयात टिकेल असा मार्ग एकच: त्याला कर्मचारी मानायचे, त्यांची संघटना होऊ द्यायची आणि तिच्याशी वाटाघाटी करून नियम ठरवायचे. एनबीएची १९ वर्षांची अट टिकून आहे ती अशाच वाटाघाटींच्या आधारावर. एनसीएए मात्र खेळाडू हा विद्यार्थीच आहे, कर्मचारी नव्हे, या वाक्याला घट्ट धरून बसली आहे. ५ मार्च २०२४ रोजी डार्टमथच्या पुरुष बास्केटबॉल संघाने १३ विरुद्ध २ मतांनी संघटना स्थापन करण्याचा निर्णय घेतला. जेथे खेळासाठी शिष्यवृत्तीसुद्धा दिली जात नाही, असे ते कॉलेज. विद्यापीठाने वाटाघाटींना बसण्यास नकार दिला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, संघटनेच्या मान्यतेचा अर्ज मागे घेतला गेला.

तेव्हा आपल्या दोन वर्षांच्या करारावर मुलाच्या बाजूने सही कोणी करायची, तेवढे सांगा. सतराव्या वर्षी त्याने स्वतःच करायची असेल, तर जर्सीकरांच्या शेडमध्ये हाताची घडी घालून बसलेल्या माणसाच्या हातात आपण आणखी एक कागद देतो आहोत.