देवगडात जुनी लेन्स घेताना बुरशी कशी ओळखावी?

प्रश्न: निकॉन एफएम2 हा जुना फिल्म कॅमेरा आणि 50 मिमी एफ/1.8 लेन्स एकत्र मिळतंय. काचेच्या कडेला जाळी दिसते. घेऊ का? पावसाळ्यात ठेवू कसं?

उत्तर (खाडीकाठ): अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, पूर्ण उघडून मागून टॉर्च तिरका मारा. कोळिष्टकासारखे धागे दिसले की बुरशीच. साफ केली तरी काचेवरचं कोटिंग खाल्लेलं राहतं, उजेडासमोर फोटो धुरकट येतात. लेन्स सोडा, बॉडी (नुसता कॅमेरा) घ्या. शटर यांत्रिक आहे, सेल फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला लागतात.

उत्तर (मिठागर): चामडी केस ओल धरते, ती आधी काढा. हवाबंद डबा, ओल शोषणारं सिलिका जेल, आत आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर. आर्द्रता 40-50 टक्के. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर परता, पण स्वयंपाकाच्या कढईत नको, ते विषारी असतात.

उत्तर (रोलवाला): फ्रीजमध्ये ठेवलेला फिल्म रोल डबी न उघडता दोन तास बाहेर ठेवा, नाहीतर फिल्मवर दव धरतं.