शब्दचर्चा: प्रवेशरोधक, प्रतिरोध आणि दाद न देणे

प्रश्न: एचआयव्हीच्या औषधांवर लेख लिहितो आहे. विषाणूला पेशीत शिरूच न देणाऱ्या औषधांचा एक गट आहे, 'एन्ट्री इनहिबिटर'. त्याला मी 'प्रवेशप्रतिबंधक' म्हटलं होतं, संपादकांनी ते खोडलं. शिवाय 'रेझिस्टन्स'साठी कुठे प्रतिकार, कुठे प्रतिरोध असं झालंय. काय ठेवावं?

प्रतिसाद: संपादकांचं बरोबर आहे. 'प्रतिबंधक' म्हटलं की वाचकाला लस आठवते, म्हणजे रोग होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोष्ट. ही औषधं लागण झालेल्यांची, आणि त्यातही बहुतांशी जुन्या गोळ्या चालेनाशा झालेल्यांची. 'प्रवेशनिरोधक' तर नकोच. या विषयात 'निरोध' हा शब्द आधीच दुसऱ्या वस्तूला चिकटलाय! 'प्रवेशरोधक' पुरे.

प्रश्नकर्ता: सगळ्या औषधांना हे एकच नाव चालेल?

प्रतिसाद: गटाला चालेल, पण प्रत्येकाची अडवायची जागा निराळी, ती वाक्यात आली पाहिजे. विषाणूचं जीपी-१२० हे प्रथिन आधी पेशीवरच्या सीडी-४ या ग्राहीला (रिसेप्टरला) धरतं. मग सीसीआर-५ किंवा सीएक्ससीआर-४ यांपैकी एका सहग्राहीला. त्यानंतर विषाणूचंच जीपी-४१ हे प्रथिन विषाणूचं आणि पेशीचं अशी दोन्ही आवरणं जवळ खेचून एकजीव करतं. फॉस्टेमसाव्हिर (अमेरिकेत मान्यता २०२०) थेट जीपी-१२०ला चिकटतं. मॅराव्हिरॉक (२००७) पेशीच्या सीसीआर-५वर बसतं. एन्फुव्हर्टाइड (२००३) आवरणं एकजीव होऊ देत नाही. ते ३६ अमिनो आम्लांचं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, त्यामुळे गोळी नाही, दिवसातून दोनदा कातडीखाली इंजेक्शन. इबालिझुमॅब (२०१८) ही प्रतिपिंडं सीडी-४वर बसतात, पण विषाणूचं चिकटणं थांबवत नाहीत, पुढची हालचाल थांबवतात. तेव्हा त्याला 'चिकटणं रोखणारं' लिहिलंत तर चूक होईल. आणि 'ग्राही'च्या जागी 'ग्राहक' छापलं जाणार नाही एवढं प्रूफात बघा, हमखास होतं.

दुसरा प्रतिसाद: प्रतिकार की प्रतिरोध याबद्दल. 'रुग्णाच्या शरीरात प्रतिकार निर्माण झाला' हे वाक्य मराठीत आनंदाची बातमी वाटते! प्रतिकारशक्ती शरीराची असते. इथे अडून बसलाय विषाणू. म्हणून 'प्रतिरोध', आणि तोही 'विषाणूचा औषधप्रतिरोध' असा मालकासकट. पण खरं सांगू, रोजच्या मराठीत याहून नेमकं क्रियापद आहे: विषाणू औषधाला दाद देत नाही. कर्ता कोण याबद्दल शंकाच राहत नाही. 'पेशंटला रेझिस्टन्स आला' या बोलण्यात दोष रुग्णाच्या माथी जातो, तेही टळतं.

आणखी एक: 'विषाणूला औषधाची सवय होते' हेही काढून टाका. विषाणू काही शिकत नाही. आरएनएवरून डीएनए करणारं त्याचं विकर (एन्झाइम) नक्कल तपासत नाही, म्हणून चुका होतच राहतात. एन्फुव्हर्टाइड सुरू असताना जीपी-४१मधल्या ३६ ते ४५ क्रमांकांच्या अमिनो आम्लांच्या पट्ट्यात बदल असलेले विषाणू तगतात, बाकीचे मागे पडतात. 'औषधामुळे बदल घडला' असं न लिहिता 'बदल असलेले उरले' लिहा.

तिसरा प्रतिसाद: 'दाद न देणे' आवडलं, पण मॅराव्हिरॉकपाशी ते अपुरं पडतं. तिथे औषध निष्फळ ठरण्याचे दोन प्रकार आहेत. एकात विषाणूच्या जीपी-१२०वरचा व्ही-३ हा फासासारखा भाग बदलतो आणि औषध बसलेला सीसीआर-५सुद्धा त्याला चालतो. हे अस्सल दाद न देणं. दुसऱ्यात सीएक्ससीआर-४ वापरणारे विषाणू आधीपासूनच थोडे असतात. त्यांच्याशी औषधाचा संबंधच नाही. सीसीआर-५वाले दबले की यांचं प्रमाण वाढतं. याला मी औषधाला 'बगल देणं' म्हणेन. दोन्हींना सरसकट 'प्रतिरोध' म्हटलं तर औषध सुरू करण्याआधी विषाणू कोणता सहग्राही वापरतो याची चाचणी का करतात, हे वाचकाला कळणारच नाही. दुसऱ्या प्रकारासाठीच तर ती असते.

प्रश्नकर्ता: त्या चाचणीला 'ट्रॉपिझम चाचणी' म्हणतात. मराठीत?

तिसरा प्रतिसाद: 'सहग्राही-कल चाचणी'. पहिल्यांदा येईल तिथे ट्रॉपिझमही लिहा, कारण प्रयोगशाळेच्या अहवालावर तोच शब्द असेल.

प्रश्नकर्ता: आणि ज्याच्यावर औषध चालतं तो विषाणू? मी 'संवेदनशील विषाणू' लिहिलंय.

दुसरा प्रतिसाद: अहो, संवेदनशील विषाणू कविता करत बसेल! 'औषधाला दाद देणारा' लिहा.