ऑपरेशन बर्गा: हक्क कायद्यात होते, मग नोंदी १९७८ नंतरच का झाल्या?

शेतसारा:
पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीनं १९७८ मध्ये ऑपरेशन बर्गा सुरू केलं आणि सुमारे १४ लाख बर्गादारांची (वाट्यानं जमीन कसणाऱ्यांची) नोंद झाली. पण त्यांना संरक्षण देणारा कायदा १९५५ चा. मग वेगळं काय केलं? आणि आपल्या कुळकायद्याशी तुलना जमते का?

बांधावरून:
वेगळी होती ती नोंदीची पद्धत. आधी बर्गादारानं कचेरीत जाऊन स्वतः पुरावा द्यायचा. करार तोंडी, मालक पावती देत नाही, पुरावा आणणार कुठून? १९७७ च्या दुरुस्तीनं हे उलटं केलं. दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा मालकाच्या घरचा नसेल तर तो बर्गादार धरायचा, आणि नाही म्हणायचं असेल तर मालकानं सिद्ध करायचं.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. बर्गादार जास्त असलेली गावं निवडून अधिकाऱ्यांचं पथक तिथं मुक्कामी जाई. बैठक संध्याकाळी, कारण दिवसा लोक शेतात. आणि ती वस्तीत, मालकाच्या ओसरीवर नाही. एकट्यानं नाव सांगायची भीती असते, दहाजणांत ती कमी होते. मग बांधावर जाऊन सर्वांसमक्ष पडताळणी, यादी गावात लावणं, हरकती ऐकणं आणि दाखला हातात देणं. विनय चौधरी तेव्हा जमीनसुधारणा मंत्री होते.

खळं:
वाटणी कायद्यात स्पष्ट होती. नांगर, बैल, खत, बियाणं मालकाचं असेल तर निम्मं-निम्मं, नाहीतर बर्गादाराला ७५ टक्के. अडचण पेरणीआधी येते. उसनं धान्य आणि पैसे मालकाकडूनच मिळत असतील तर खळ्यावर भांडणार कोण? बँकेचं पीककर्ज सगळ्यांपर्यंत पोचलं नाही तिथं दाखला असूनही वाटणी जुनीच राहिली. बायकांची नावं तर फारच थोडी लागली, ही मोहिमेतली मोठी चूक होती.

सातबारा:
तुलना जमते, पण जपून. कुळकायद्यानं १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, कुळाला मालक मानलं; कायद्याच्या कलम ३२ग खाली किंमत ठरवून जमीन त्याच्या नावे करायची. हक्क मोठा. पण त्याआधीच कितीतरी कुळांकडून ‘स्वखुशीचे’ राजीनामे लिहून घेतले गेले आणि ती कुळं जमिनीवरून गेलीच. बंगालमध्ये हक्क लहान, मालकी नाहीच; फक्त कसण्याचा वारसाहक्क आणि बेदखल होण्यापासून संरक्षण. तरी तो प्रत्यक्ष कसणाऱ्यांच्या हातात पडला.

त्या लहान हक्काची मर्यादा २००६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या सिंगूरला दिसली. टाटांच्या मोटार कारखान्यासाठी सरकारनं ९९७ एकर घेताना नोंदलेल्या बर्गादाराला जमिनीच्या किमतीच्या २५ टक्के भरपाई ठरली. ज्यांची नोंद राहून गेली होती, त्यांच्याकडे दाखवायला कागदच नव्हता.