कातडी बोटाने सरकवायची की चिमट्याने सोडवायची?

वैजू_खानापूर
काल इथं अभि_अनगोळ यांनी लिहिलं: "काचेच्या टेबलावर बोट फिरवलं की कातडी, स्नायू, हाडं, एकेक थर उतरतो. मग आजच्या काळात मढी कशाला फाडायची? देहदानाच्या मोहिमा बंद करा, माणसाला सुखानं जाऊ द्या." दोन ओळी लिहून गप्प बसणार होते, पण बसवेना.

मी एकोणीस वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांना डिसेक्शन, म्हणजे देहाचं विच्छेदन, शिकवते. ते टेबल, म्हणजे देह सॉफ्टवेअरनं दाखवणारा आडवा पडदा, आमच्याकडंही आहे आणि मी ते रोज वापरते. कवटीच्या तळाची भोकं आणि त्यातून कोणती नस कुठं उतरते, हे पडद्यावर जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं देहावर मला कधीच दाखवता आलेलं नाही. ते मान्य करूनच पुढचं बोलते.

काख घ्या. पडद्यावर कातडी काढली की लाल धमन्या, निळ्या शिरा, पिवळ्या नसा. खऱ्या काखेत पहिल्या दिवशी नुसती चरबी दिसते, आणि त्या चरबीत सगळं एकाच मातकट रंगाचं. मुलं तीन-तीन तास चिमटा घेऊन कोळ्याच्या जाळ्यासारखा फॅसिया, म्हणजे स्नायू-नसांना गुंडाळणारा पातळ पडदा, सोडवत बसतात. मग मी म्हणते, डोळे मिटा आणि बोटांत धरा. धमनी जाड भिंतीची, दाबून सोडली की परत गोल होते. शीर चपटी होऊन पडते. नस दोरीसारखी भरीव, दबत नाही. ही ओळख बोटाला व्हावी लागते. पडद्यावर फॅसिया एका टिचकीत गायब होतो, आणि नेमकं तेच सोडवायला शिकण्यात सर्जनचा हात तयार होतो.

आणखी एक. तळहात वर करून अंगठा आणि करंगळी टेकवा, मनगट जरा आत वाकवा. मधोमध ताठ दोरी उठते ती पामारिस लॉंगस या स्नायूची कंडरा (टेंडन). काहींच्या एका हातात ती नसतेच, काहींच्या दोन्ही हातांत नसते. पडद्यावरच्या माणसाला ती कायम असते.

आणि तो "मढी" शब्द. या पडद्यावरच्या कामाची सुरुवात कुठून झाली? टेक्सासमध्ये 1993 साली देहदंड झालेल्या एका माणसाच्या देहापासून. तो गोठवून 1 मिलिमीटरचे 1871 काप केले, प्रत्येक कापाचा फोटो घेतला आणि 1994 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने ते जगाला खुले केले. पुढच्या वर्षी एका स्त्रीच्या देहाचे 0.33 मिलिमीटरचे, पाच हजारांवर काप. त्या पुरुषाचं अपेंडिक्स आधीच काढलेलं होतं. एकाच माणसावर शिकलं की काय होतं, ते यावरून समजा.

अभि_अनगोळ
ताई, तुम्ही पहिल्या रांगेतून बोलताय. माझी बहीण फिजिओथेरपीला आहे. त्यांच्या बॅचला देह सोडवायला मिळत नाही, आधीच सोडवलेला दाखवतात. टेबलाभोवती तीन रांगा, ही उंचीनं कमी. महिनाभर तिनं पुढच्या मुलींच्या वेण्या बघितल्या. देह टिकवायला वापरतात त्या फॉर्मलिननं डोळ्यांतून पाणी, घरी आली की जेवण नको म्हणायची, मटण तर तिनं सोडूनच दिलं.

मग मी तिला टॅब्लेटवर सॉफ्टवेअर घालून दिलं. खांद्याचे ते चार स्नायू, त्यातला सबस्कॅप्युलॅरिस फऱ्याच्या हाडाच्या आतल्या अंगाला असतो म्हणे, तो तिला हॉलमध्ये दिसलाच नव्हता. घरात हाड उलटं करून तिनं तो चाळीस वेळा बघितला, चुकलं तर परत जोडला. तुमच्या देहावर एकदा कापलेलं परत जुळतं काय?

फॉर्मलिनचं तर तुम्ही बोललाच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 सालीच त्यातल्या फॉर्मल्डिहाइडला माणसात कॅन्सर करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात टाकलंय. एकोणीस वर्षं तुम्ही तोच वास घेताय. तुमची काळजी वाटते म्हणूनच बोलतोय.

शहापूरचे_काका
दोघांनाही सांगतो. सुश्रुतांनी देह मुंज-कुश गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात आडोशाला सात रात्री ठेवायला सांगितलाय. मग काढायचा आणि वाळा, केस, बांबू यांच्या कुंच्यानं हळूहळू घासत एकेक थर डोळ्यांनी बघायचा. घासत! कापत नाही. वैजूच्या तीन तासांच्या चिमट्याला आपल्याकडं एवढा जुना आधार आहे. आणि 1836 साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पहिलं विच्छेदन केलं ते मधुसूदन गुप्तांनी, तेही वैद्यच.

पण माझं दुखणं वेगळं आहे. ही सगळी सॉफ्टवेअरं इंग्रजीत. धमनी, शिरा, कंडरा, स्नायू, पर्शुका, सगळे शब्द आपल्याकडं तयार आहेत. मी चाळीस वर्षं मुलांना मराठीत शिकवलं, कानडी मुलांना कानडीत. आताची पोरं "टेंडन" म्हणतात आणि आजीला तिच्या गुडघ्यात काय झालंय ते सांगता येत नाही.

निपाणी_सिस्टर
काका, भाषेचा विषय निघालाच तर माझं ऐका. वडिलांची इच्छा होती देहदानाची. दहा वेळा बोलून दाखवली, कागद मात्र कधी केला नाही. गेले ते रात्री अडीचला. निपाणीहून एका अंगाला कोल्हापूर, एका अंगाला बेळगाव. मी स्वतः नर्स, आणि मला फोन कुठं लावायचा हे कळेना. पहाटे एका ठिकाणाहून माणूस कागद घेऊन आला, तो पूर्ण कानडीत. आईला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. ती म्हणाली, न वाचता मी माझ्या माणसावर सही करणार नाही. तेवढ्यात चुलते आले. सकाळी दहाला वडिलांना स्मशानात नेलं.

चुलत्यांना मी माफ केलं. त्या कागदाला अजून नाही.

सीमेवरचा_संभा
हेच! हेच आम्ही सांगून दमलो. सातबारा कानडीत, बसची पाटी कानडीत, आणि आता मेलेल्या माणसाचा कागदही कानडीत. जिथं मराठी माणूस एवढ्या संख्येनं राहतो तिथं हा कागद मराठीत द्यायला काय खर्च येतो? सिस्टर, तुमच्या आईनं केलं ते बरोबर केलं. मी असतो तर कागद फाडला असता.

चिकोडीची_शैला
संभाभाऊ, कागद फाडून त्यांच्या वडिलांची इच्छा पुरी झाली असती काय? माझं माहेर कानडी, सासर मराठी, घरात दोन्ही चालतात. देहदानाबद्दल कानडी माणसाला बोलायच्या आधी बैलहोंगलचे डॉक्टर रामण्णवर आठवा. वडील आयुर्वेदाचे डॉक्टर, 2008 ला गेले, देह दिलेला. दोन वर्षांनी, 2010 च्या नोव्हेंबरात, त्यांचाच मुलगा, स्वतः शरीररचनेचा प्राध्यापक, त्यानं बेळगावच्या कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालयात विद्यार्थ्यांसमोर वडिलांच्या देहाचं विच्छेदन केलं. बापाची इच्छा होती म्हणून. त्या दिवशी तो देह कानडी होता की मराठी, हे कुणी विचारलं नाही.

सीमेवरचा_संभा
त्या मुलापुढं मी हात जोडतो. पण प्रश्न त्यांचा नव्हता, कागदाचा होता. तुम्हाला दोन्ही वाचता येतात म्हणून तुमचं दुखत नाही.

चिकोडीची_शैला
दुखत नाही? माझ्या सासूबाईंच्या ऑपरेशनला सांगलीत मराठी कागदावर माझ्या कानडी आईनं अंगठा दिला. तिलाही कुणी वाचून दाखवलं नाही. दोन्हीकडं तेच चाललंय. तुम्हाला एकच बाजू दिसते.

शहापूरचे_काका
भांडू नका. कायद्याचं सांगतो. मुंबई राज्याचा शरीररचना कायदा 1949 चा. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यातच होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला आपण तिकडून इकडं, म्हैसूर राज्यात म्हणजे आताच्या कर्नाटकात, आलो आणि 1957 ला इथला वेगळा कायदा झाला. माणसं तीच, गावं तीच, कायदे दोन. सिस्टरला रात्री अडीचला फोन कुठं लावायचा ते कळलं नाही, त्याचं मूळ त्यातच आहे.

अभि_अनगोळ
माझा प्रश्न बाजूलाच राहिला, पण काकांनी कायदा काढलाच तर विचारतो. त्या कायद्यानं हॉलमध्ये बेवारस देहही जातात ना? ज्याला कुणी न्यायला आलं नाही, त्याला कुणी विचारलं होतं? सिस्टरच्या वडिलांची इच्छा होती आणि ते राहिले. ज्यानं कधी हो म्हटलं नाही तो तीन रांगांच्या मधोमध पडतो. वैजूताई, "मढी" शब्द मी वापरला तो तुम्हाला लागला. मग ही गोष्ट का लागत नाही?

वैजू_खानापूर
लागते. तुम्ही समजता त्याहून जास्त लागते.

मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा आमच्या टेबलावर एक म्हातारी बाई होती. बेवारस. नाव नाही, पायाला फक्त नंबराचा पत्र्याचा बिल्ला. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला गोंदण होतं, तुळशीवृंदावन आणि खाली तीन टिपके. माझ्या आजीच्या हातावर होतं अगदी तसंच. कातडी काढायची रेघ त्या वृंदावनाच्या मधूनच जात होती. सहा जणांपैकी कुणी स्काल्पेल लावेना. सर आले, बघितलं आणि म्हणाले, बाजूनं घ्या. आम्ही रेघ दोन बोटं सरकवली आणि गोंदणाचा तुकडा अखंड ठेवला. वर्ष संपलं तेव्हा बाकी सगळ्याबरोबर तोही गेला. कुठं, ते आम्ही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

आता 2019 पासून नव्या अभ्यासक्रमात देह हा पहिला गुरू, हे शिकवायचा वेगळा भागच आहे, मुलं शपथ घेतात. चांगलं आहे, पण बेवारस माणसाच्या संमतीचा प्रश्न शपथेनं सुटत नाही. म्हणूनच देहदान वाढायला पाहिजे, अभि! स्वतःहून दिलेले देह पुरेसे असतील तर न विचारता घ्यायची वेळ येणार नाही. आणि तुम्ही नेमक्या त्याच मोहिमा बंद करा म्हणालात.

अभि_अनगोळ
बंद करा हे मी चुकीचं लिहिलं. तेवढं मागं घेतो. "मढी"सुद्धा.

पण तेवढंच. तिसरी रांग तशीच आहे. फॉर्मलिनही तसंच आहे.

निपाणी_सिस्टर
नर्सिंगच्या मुलींचं तर याहून वाईट होतं. आम्ही देह लांबून एकदा बघितला, बाकी तक्ते आणि प्लास्टिकचं मॉडेल. पुढं पहिल्यांदा कमरेत इंजेक्शन द्यायची वेळ आली, सायटिक नस कुठून जाते ते पुस्तकात पाठ होतं, पण समोरच्या माणसाच्या कमरेत मला ती दिसेना. वरच्या बाहेरच्या चौकटीत सुई, वरच्या बाहेरच्या चौकटीत, असं मनातल्या मनात म्हणत मी दिलं. तेव्हा अभिच्या बहिणीसारखी टॅब्लेट असती तर तेवढी भीती वाटली नसती. वैजूताई, तुमची मुलं देह सोडवतात. आमच्यासाठी सॉफ्टवेअर हाच देह आहे.

वैजू_खानापूर
सिस्टर, हे मला मान्य. मी एमबीबीएसच्या हॉलमधून सगळ्यांच्या वतीनं बोलत होते. ज्यांना देहाला हात लावायला मिळतच नाही त्यांना सॉफ्टवेअर मिळालंच पाहिजे, आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात फुटकळ ओळख म्हणून नको, वर्षभर.

फॉर्मलिनचं अभि म्हणतात ते खरं आहे. हवा खेळती पाहिजे, पंखे बाहेर ओढणारे पाहिजेत. बऱ्याच ठिकाणी ते नुसते भिंतीत बसवलेले असतात. मला स्वतःला हिवाळ्यात खोकला असतो. पण तिसऱ्या रांगेचं उत्तर म्हणून देह काढून टाका, हे मला पटत नाही. टेबलं वाढवा, देह वाढू देत, बॅच लहान करा. ते महाग पडतं आणि काचेचं टेबल एकदाच घ्यावं लागतं. हॉल बंद पाडायला तेच कारण पुढं केलं जाईल, ही माझी भीती आहे.

सीमेवरचा_संभा
आणि सॉफ्टवेअर मराठीत?

शहापूरचे_काका
मी शब्दांची यादी काढून देतो. खांदा आणि गुडघा, आधी दोनच. कानडी शब्द शैलाताईंनी बघावेत.

चिकोडीची_शैला
बघते. संभाभाऊ, मराठी तपासायला तुम्ही बसा. कागद फाडायचा नाही, एवढी अट.

अभि_अनगोळ
काल रात्री बहिणीनं हॉस्टेलमध्ये तो मनगटाचा प्रयोग केला. अकरा मुली. दोघींच्या एका हातात दोरी उठलीच नाही, त्यातली एक ती स्वतः, उजवा हात. टॅब्लेटमध्ये दोन्ही हातांत आहे. तिनं मला फोटो पाठवलाय आणि खाली लिहिलंय, माझ्या हातात काय कमी आहे ते मला आज कळलं.

वैजूताई, हे तुमच्या बाजूनं धरा. पण हेही तिला तिसऱ्या रांगेत नाही, खोलीवरच कळलं.

निपाणी_सिस्टर
धागा वर आणते, माफ करा. आईनं स्वतःसाठी देहदानाचा कागद भरायचा ठरवलंय. परवा शैलाताईंनी फोनवर ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवली, आईनं दोन ठिकाणी थांबवून परत विचारलं. चुलत्यांनाही बसवलं होतं. ते काही बोलले नाहीत, उठूनही गेले नाहीत. फोटो चिकटवायचा राहिलाय. आई म्हणते, डोळे मिटलेले नकोत, चांगला काढून आण.