अंजनेरीच्या माथ्यापर्यंत जावे की पठारावर थांबावे?

प्रश्न: साठी ओलांडलेल्या आई-वडिलांना सप्टेंबरमध्ये अंजनेरीवर नेण्याचा विचार आहे. माथ्यापर्यंतची चढाई त्यांना झेपेल का?

गिरिजा: नाशिकहून त्र्यंबक रस्त्याने सुमारे २० किलोमीटरवर अंजनेरी गाव लागते. तेथून कातळाच्या घळीतील पायऱ्यांनी पठारावर पोहोचता येते, आणि पठारावरील अंजनीमातेच्या मंदिरापर्यंतची वाट सावकाश चालणाऱ्यास जड जाऊ नये. खरी दमछाक तळ्यापुढच्या चढाची असते. मात्र वरच्या मंदिराजवळून, हवा निवळलेली असल्यास, ब्रह्मगिरीची कातळभिंत आणि त्र्यंबकचा सारा परिसर दिसतो, म्हणून गुडघे साथ देत असतील तर मी माथाच सुचवेन.

पठारी: सप्टेंबरमध्ये ढग माथ्यावर अडून बसले, तर दहा पावलांपुढचे दिसत नाही, केवळ दृश्यासाठी जायचे असेल तर ऑक्टोबर बरा. फुलांसाठी मात्र पावसाळ्याचा शेवटच योग्य, कारण अंजनेरीचेच नाव मिळालेले दुर्मीळ कंदीलपुष्प याच गवताळ, खडकाळ पठारावर आढळते. कृपया पायवाट सोडू नये.

गिरिजा: सहमत आहे. खाऊची पिशवीही हातात उघडी ठेवू नये, माकडे फार धीट आहेत.