कायम भाड्यानेच राहायचं ठरवतोय, निवृत्तीनंतरच्या भाड्याची सोय कशी करायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं चाळिशीच्या आतले, दोघंही नोकरीत, मुलगी शाळेत. घर विकत न घेता भाड्यानेच राहायचं असं जवळजवळ पक्कं झालंय. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे, पण इथवर कसे आलो ते आधी सांगतो म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल.

भावाने घर घेतलं तेव्हा त्याच्या कर्जाचा तक्ता मी नीट बसून वाचला. 9 टक्के व्याज, 20 वर्षं मुदत. पहिल्या हप्त्यातल्या दर 100 मागे 83 व्याजात जातात आणि मुद्दलात फक्त 17, निम्मं मुद्दल फिटायला 14 वर्षं लागतात, आणि व्याजदर तोच राहिला तर घेतलेल्या कर्जाच्या दुपटीहून जास्त पैसे भरून होतात. भाडं म्हणजे पैसे पाण्यात असं सगळे म्हणतात, मग हे व्याज कुठे जातं?

आमच्या फ्लॅटचं वर्षाचं भाडं त्याच्या किमतीच्या 3 टक्क्यांच्या आसपास आहे. पाचवा हिस्सा पदरचा घालून बाकीचं कर्ज काढलं तरी पहिल्या वर्षीचं नुसतं व्याजच भाड्याच्या सव्वादोन-अडीच पट होतं, वर मेंटेनन्स, कर, दुरुस्त्या वेगळ्याच. भाडं 6-7 टक्के असतं तर मी हा विचार केलाच नसता.

आता खरी अडचण. हप्ता कधीतरी संपतो, भाडं संपत नाही. दरवर्षी 5 टक्के वाढ धरली तरी 14-15 वर्षांत ते दुप्पट, आणि पगार तर एक दिवस थांबणार. मी असा हिशोब मांडलाय की निवृत्तीनंतर 30 वर्षं भाडं भरायचं असेल आणि परतावा भाडेवाढीपेक्षा 3 टक्के जास्त मिळत राहिला तर त्या वेळच्या वार्षिक भाड्याच्या 20 पट रक्कम फक्त भाड्यासाठी बाजूला हवी. परतावा आणि भाडेवाढ सारखीच निघाली तर 30 पट. हा फरक प्रचंड आहे. तुम्ही यातलं काय धराल? आणि हप्ता आणि भाडं यातला फरक दर महिन्याला खरंच गुंतवला जातो का, वर्षानुवर्षं? ज्यांना जमलंय त्यांनी कसं जमवलं ते प्लीज सविस्तर लिहा, पगार झाला की आपोआप कापून जायची सोय केली तरी मध्ये मोठा खर्च आला की ते पैसे मोडले जातात का?

दुसरी काळजी पैशाची नाही. आई आमच्याकडेच असते, तिला बाथरूममध्ये धरायला दांडी बसवायची होती तर टाइल्सना भोक पडेल म्हणून घरमालक तयारच होईनात, शेवटी जाताना टाइल बदलून देऊ असं लिहून दिलं तेव्हा बसवता आली. उद्या आम्ही सत्तरीत असताना दोन महिन्यांत घर खाली करा म्हटलं तर त्या वयात सामान हलवायचं, नवीन डॉक्टर शोधायचा, आणि म्हाताऱ्या जोडप्याला घर देतं कोण? बायकोला हीच भीती जास्त आहे आणि मला ती रास्त वाटते.

म्हणून विचारतोय, इथे कोणी साठीनंतर भाड्याने राहतंय का, किंवा तुमचे आईवडील राहतात का? पाच-सात वर्षांचं अ‍ॅग्रीमेंट, भाडेवाढीचा दर आणि घर सोडायची जास्तीची मुदत आधीच ठरवून, असं घरमालक करून देतात का? की उतारवयासाठी एक छोटंसं घर पन्नाशीत, कर्ज न काढता, साठलेल्या पैशातून घेतलेलं बरं? तसं असेल तर आत्तापासून ते पैसे कुठे ठेवायचे?